गटाची चाल कोणी ठरवावी : सर्वांत हळू चालणाऱ्याने की आधी जाहीर केलेल्या वेळेने?

धागाकर्ता

गेल्या रविवारी आमच्या पदभ्रमण गटात १४ जण होते. वाट १२ किलोमीटरची आणि एकूण चढ ६०० मीटरचा होता. पहिल्याच चढावर रांग लांबली. पुढचे पाच-सहा जण माथ्यावर जाऊन बसले, पाणी प्यायले, छायाचित्रे काढून मोकळे झाले, आणि शेवटच्या दोघी धापा टाकत तिथे पोहोचल्या त्याच क्षणी ‘आले सगळे, चला’ म्हणून त्यांनी पाठपिशव्या उचलल्या. दिवसभरात हे चार वेळा घडले. ज्यांना विसाव्याची गरज नव्हती त्यांना तो चारदा मिळाला, ज्यांना होती त्यांना एकदाही नाही, आणि सर्वांना खोळंबून ठेवल्याचा संकोच मात्र त्यांच्याच पदरी पडला.

माझे मत असे की, गटाने जायचे तर चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची असावी आणि त्या व्यक्तीला वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावे. वेग बेताचा आहे की नाही हे कळायला घड्याळ लागत नाही. चढावर त्या व्यक्तीला एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. ज्यांना हे मानवत नाही, त्यांना गट हवा तरी कशाला?

प्रतिसाद १

माथ्यावर आधी जाऊन बसलेल्यांत मी होतो, तेव्हा विसाव्याबद्दलचा दोष मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही वापरात आहे : ताशी सुमारे ५ किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास वाढवावा. त्या हिशेबाने रविवारची वाट विश्रांती सोडून साधारण ३ तास २५ मिनिटांची होती. हा हिशेब सराव असलेल्या पायांचा आहे. नवख्यासाठी ताशी ३ किलोमीटर धरले, तर तीच वाट ५ तासांची होते, आणि थांबे मिळवले की साडेसहा तासांकडे जाते. हा फरक सौजन्याने भरून निघत नाही, कारण तो उजेडाच्या तासांतून वजा होतो. दिवस लहान असताना शेवटचा उतार अंधारात उतरावा लागला, तर त्याची सर्वाधिक झळ त्या हळू चालणाऱ्यांनाच बसेल.

खरी चूक सूचनेत होती. ‘सोपी वाट’ एवढेच लिहिले होते, आणि ‘सोपी’ हे विशेषण प्रत्येकजण आपापल्या पायांनी वाचतो. अंतर, चढ आणि अपेक्षित वेळ हे तीन आकडे द्यावेत, दोन तुकड्या कराव्यात, आणि कोणत्या तुकडीत जायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

प्रतिसाद २

दोन तुकड्यांची कल्पना कागदावर नीटस दिसते, पण ‘सर्वांत हळू’ व्यक्ती दिवसभर एकच असते हे गृहीत धरते. सकाळी पुढे असलेला माणूस दुपारी उतारावर मागे पडताना मी अनेकदा पाहिला आहे. नेस्मिथ यांच्या मूळ ठोकताळ्यात उताराचा हिशेबच नाही. वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, माणूस सर्वांत वेगाने चालतो तो सुमारे ५ टक्क्यांच्या सौम्य उतारावर; त्याहून तीव्र उतार लागला की वेग पुन्हा घटतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू भार पेलत असतानाच ताणले जातात आणि थकल्यावर गुडघा सावरत नाहीत. सकाळी स्वखुशीने वेगवान तुकडी निवडणाऱ्याचे पाय दुपारी असे निकामी झाले, तर तो काय करणार? मान खाली घालून धावत राहणार, आणि पाय मुरगळतो तो नेमका तेव्हा.

प्रतिसाद ३

शेवटच्या दोघींपैकी एक मी. आमची बाजू मांडल्याबद्दल धागाकर्त्यांचे आभार, पण मला पुढे ठेवू नका. एकदा मला तसे ठेवले होते. मागे बुटांचा आवाज सतत येत असताना माणूस आपल्या चालीने चालत नाही. मी दोन तास माझ्या ताकदीबाहेर चालले आणि नंतर दोन दिवस जिना उतरताना रडकुंडीला आले.

मला मागेच राहू द्या, सोबत घड्याळ न पाहणारे एक माणूस द्या, आणि विसाव्याची दहा मिनिटे शेवटची व्यक्ती पोहोचल्यापासून मोजा. वाटेला फाटा फुटतो तिथे मात्र पुढच्यांनी थांबलेच पाहिजे. रविवारी दोन फाट्यांवर आम्ही अंदाजाने वळलो.

धागाकर्ता

विसावा शेवटच्या व्यक्तीपासून मोजण्याची सूचना माझ्या सूचनेपेक्षा सरस आहे, आणि पुढे ठेवण्याचा आग्रह मी सोडतो. फाट्यांची गोष्ट मला आजच कळली, आणि ती विसाव्याहून गंभीर आहे.

तरीही तुकड्या पाडण्यास माझा विरोध कायम आहे. प्रत्येक तुकडीला पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस लागतो. कोणाला इजा झाली, तर एकाने त्याच्यापाशी थांबायचे आणि दोघांनी मदत आणायला जायचे, म्हणजे चारांहून कमी माणसे असून भागत नाही. संकटाची खूण म्हणून मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवतात हे आपण सर्वांना शिकवले आहे, पण ती ऐकायला कोणी टेकडीच्या याच बाजूला असावे लागते. आणि आपल्याकडे नकाशा वाचू शकणारे दोघेच आहेत.

प्रतिसाद १

त्या दोघांपैकी एक मी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जाणते दोघेच असतील, तर तुकडी एकच असावी हे मी मान्य करतो. पण मग वाटही त्या तुकडीला झेपणारी, ७-८ किलोमीटरची, निवडा. १२ किलोमीटरची वाट ठरवायची आणि तिथे गेल्यावर चाल कमी करायची, यात उजेडाचा हिशेब कोणीच करत नाही. परतीची वेळ निघतानाच ठरवा, आणि त्या वेळेला जिथे असू तिथून मागे फिरायचे, माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी. महिन्यातून एका रविवारी मी मागे चालायला तयार आहे, घड्याळ खिशात ठेवून. उरलेल्या रविवारी मला लांबच्या वाटेवर जायचे आहे, आणि त्याला कोणी गटाशी प्रतारणा म्हणू नये.

प्रतिसाद ३

प्रतारणा कोणी म्हणत नाही. पण उरलेल्या रविवारी फाट्यावर नकाशा कोण पाहणार, याचे उत्तर तुमच्या प्रतिसादात नाही. मागे चालाल त्या रविवारी आम्हा दोघींना नकाशा वाचायला शिकवा.