विषय: ट्राइकच्या किटचा सिरियल नंबर कुठे असतो?

प्रेषक: ताई, पॉवेल

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाबाहेरचा प्रश्न विचारतेय. पण इथे ओहायोत कोलंबसच्या आसपास आपल्यात मोटरसायकलवाले बरेच आहेत, म्हणून धीर केला.

ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दोन चाकांवर तोल सांभाळणं बंद झालं. म्हणून गेल्या वर्षी आम्ही होंडाची जुनी गोल्ड विंग मोटरसायकल घेतली, २००६ ची. आधीच्या मालकाने मागे दोन चाकांचं किट लावून तिची ट्राइक, म्हणजे तीन चाकी, करून घेतली होती. आता मागच्या ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय. दुकानात गाडीचा व्हिन, म्हणजे कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक, दिला, ब्रेकचे पॅड मागवले, तर आले ते दोन चाकी गोल्ड विंगचे. ते बसणारच नव्हते. मग किटच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "किटचा सिरियल नंबर द्या." मी व्हिन वाचून दाखवला, तर म्हणाल्या, "हा गाडीचा झाला, आमचा नाही."

आमच्याकडे किटचा एकही कागद नाही आणि आधीच्या मालकाचा फोन लागत नाही. हे रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जातात, गाडीवर हात फिरवतात आणि परत येतात. मला ते बघवत नाही. हा नंबर नेमका कुठे असतो, कुणाला माहीत आहे का?


प्रेषक: काका, हिलियर्ड

ताई,

आधी एक ऐका. आवाज बंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका. पॅड झिजून मागचा पत्रा रोटरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, लागला असणार. कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नको.

आता नंबराचं. तुमच्या गॅरेजमध्ये एक गाडी दिसत असली तरी त्या दोन कारखान्यांच्या दोन वस्तू आहेत, एकमेकींना जोडलेल्या. सीटपर्यंत होंडा. त्यामागचा स्विंगआर्म, अ‍ॅक्सल, डिफरन्शियल, ब्रेक, चाकं, डिकी, सगळं किटवाल्याचं. होंडाच्या संगणकाला तुमची गाडी अजून दोन चाकीच दिसते, त्यामुळे काउंटरवरच्या मुलाने दिलेले पॅड त्याच्या परीने बरोबरच होते. किटवालेही मधूनमधून भाग बदलतात. एका वर्षी एक कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), पुढे दुसरा. कोणत्या किटला काय लागलंय हे त्यांना सिरियल नंबरावरूनच कळतं.

व्हिन सतरा अक्षरांचा असतो आणि हँडलखाली फ्रेमच्या डोक्यावर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. तुमचा १ ने सुरू होत असेल, म्हणजे अमेरिकेत बनलेली. गोल्ड विंग १९८० पासून २००९ पर्यंत आपल्या शेजारी मेरीसव्हिललाच बनायची. मी निवृत्त होईपर्यंत त्या प्लँटला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात होतो, त्यामुळे ही गाडी रस्त्यात दिसली की आजही मान वळते.

किटच्या नंबराला मात्र ठरलेली जागा नाही. मी हाताळलेल्या पाच-सहा ट्राइकमध्ये तो चार निरनिराळ्या ठिकाणी निघाला. डिकीच्या झाकणाच्या आत स्टिकर, कार्पेटखाली. सीट काढल्यावर किटच्या फ्रेमवर रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. डिकीच्या तळाशी खालून चिकटवलेली पट्टी. आणि अ‍ॅक्सलच्या नळीवर सरळ ठोकलेले आकडे. याच क्रमाने बघा, कारण पहिल्या दोन जागा उभ्या उभ्या दिसतात. खाली बघायचं असेल तर गाडी लोखंडी जॅक स्टँडवर नीट टेकवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर नाहीच. मूळ गोल्ड विंगच चारशे किलोच्या पुढे आहे.

खाली गेल्यावर आकडे खूप दिसतील, त्यांत फसू नका. डिफरन्शियलच्या खोक्यावर उठून आलेले आकडे ओतकामाचे. ते हजारो खोक्यांवर सारखेच असतात. सिरियल नंबर ठोकलेला, म्हणजे आत गेलेला असतो, आणि ओळ बहुधा किंचित वाकडी असते, कारण एकेक आकडा हातोडीने मारलेला असतो. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा लांब नंबर असतो, तोही किटचा नाही. पण त्याचे शेवटचे चार आकडे लिहून घ्याच. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्राइकला मागे बहुधा कारचे टायर असतात. ते झिजण्याआधी म्हातारे होतात आणि वरून चांगले दिसतात.

जागा सापडली की ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसा. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर लावू नका. पातळ ठोक एकदा घासला गेला की गेला. मग पेन्सिल घ्या. साताऱ्याला वडिलांची जावा विकली तेव्हा आरटीओच्या फॉर्मसाठी चेसिसचा छापा मीच काढला होता. नंबरावर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. राखाडी कागदावर आकडे पांढरे उमटतात. रंगाखाली अर्धे बुजलेले आकडे डोळ्याला दिसत नाहीत, ते कागदावर येतात. फोटोही काढा, पण बॅटरी बाजूने, जवळजवळ आडवी धरून. समोरून मारलेल्या उजेडात ठोक दिसतच नाही.

वाचताना घाई करू नका. व्हिनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे गोल दिसला की शून्य. शिवाय नववं अक्षर बाकीच्यांवरून हिशोबाने काढलेलं असतं, चूक झाली तर ती पकडता येते. किटच्या नंबराला असला कुठलाच नियम नाही. पाच की एस, आठ की बी, तीन की आठ, हे छाप्यावरूनच ठरवायचं. शंका राहिली तर छाप्याचा फोटोच कंपनीला पाठवा.

आणि एक. नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या साइटवर व्हिन टाकला तर होंडाचे रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्या, कळतील. किट त्यांच्या लेखी 'इक्विपमेंट', ते वेगळं शोधावं लागतं. होंडाचाही एक रिकॉल तुमच्या कामाचा आहे. २००१ ते २०१० आणि २०१२ च्या गोल्ड विंगवर डिसेंबर २०११ मध्ये निघालेला, दुय्यम मास्टर सिलिंडरचा. त्यात मागचा ब्रेक सुटत नाही, लागलेलाच राहतो. आधीच्या मालकाने ते काम करून घेतलं होतं का, हे डीलरला व्हिन देऊन विचारा. तुमचे पॅड इतक्या लवकर का संपले, याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.

शनिवारी मी मोकळा आहे. स्टँड घेऊन येतो.


प्रेषक: मंडळ सचिव

काकांचे आभार. एकच विनंती: नंबर सापडल्यावर पूर्ण व्हिन किंवा किटचा नंबर यादीवर टाकू नका. ही मेल चारशे घरांत जाते. शेवटचे तीन आकडे पुरेत.


प्रेषक: भाऊ, डब्लिन

ताई, मी विम्याच्या धंद्यात आहे म्हणून विचारतो. पॉलिसीत "ट्राइक कन्व्हर्जन" असं लिहिलंय का ते आजच बघा. नुसती "२००६ गोल्ड विंग" लिहिली असेल तर भरपाईच्या वेळी हिशोब दोन चाकीचा धरला जाण्याची भीती असते, आणि किटचे हजारो डॉलर सिद्ध करत बसावं लागतं. किटच्या नंबराचा फोटो आणि पूर्ण गाडीचा फोटो एकाच दिवशी काढून एजंटला मेल करा. मेलवर तारीख राहते.


प्रेषक: ताई, पॉवेल

सगळ्यांना नमस्कार,

नंबर सापडला! काका शनिवारी सकाळी नऊला स्टँड घेऊन हजर. डिकीच्या झाकणात काही नव्हतं. सीटखाली पट्टीची दोन रिव्हेटची भोकं होती, पट्टी नव्हती. अ‍ॅक्सलच्या डाव्या नळीवर, डांबराच्या थराखाली, सहा आकडे निघाले. फोनच्या फोटोत तिसरा आकडा आठ वाटत होता. काकांनी माझ्या पोळ्यांच्या डब्यातला बटर पेपर मागून घेतला आणि त्यावर छापा काढला, तर स्पष्ट तीन! ह्यांना खाली वाकता येत नाही, म्हणून ते शेजारी स्टुलावर बसून बॅटरी धरत होते. कागद उजेडात धरून आकडे पहिल्यांदा वाचले ते त्यांनीच, मोठ्याने.

सोमवारी कंपनीला फोन केला. बाईंनी नंबर टाकला आणि लगेच म्हणाल्या, ह्या किटला नंतरचा, मोठा रोटर आहे. पॅड आणि दोन्ही रोटर गुरुवारी येतायत. रिकॉलचं काम झालेलं नव्हतं. डीलरने पुढच्या मंगळवारची वेळ दिली आहे, फुकट करून देणार आहेत. गाडी ट्रेलरवर घालून नेऊ.

भाऊ, पॉलिसीत कन्व्हर्जनचा उल्लेख नव्हता. फोटो पाठवले, एजंटचं उत्तर आलं, दुरुस्ती होतेय.

छाप्याचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या टायटलबरोबर, म्हणजे मालकीच्या कागदाबरोबर, ठेवलाय. ह्यांनी तोच नंबर पांढऱ्या मार्करने डिकीच्या झाकणाच्या आत लिहिलाय, तारखेसकट. काका, पुढच्या रविवारी जेवायला या. मासवडी करते.