डक्टवर डक्ट टेप नको

एसीच्या डक्टचे (हवा वाहून नेणाऱ्या नळीचे) सांधे डक्ट टेपने, म्हणजे कापडी चिकटपट्टीने, बंद करा असा सल्ला काही जण देतात. नेमकं तिथेच हा टेप वापरू नये. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने गरम-थंड हवेच्या चाचण्या घेतल्या, त्यात कापडी डक्ट टेपच सर्वांत आधी निकामी झाला. उष्णतेने रबरी गोंद वाळतो आणि पट्टी सुटते. सांध्याला मॅस्टिक (सांधे बुजवायचा घट्ट लेप) किंवा ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा.

मुळात हा टेप डक्टसाठी नव्हताच. १९४३ मध्ये इलिनॉयच्या दारूगोळा कारखान्यातल्या व्हेस्टा स्टाउट यांनी, पेट्यांवरचा कागदी टेप उघडताना फाटतो म्हणून, थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून कापडी टेप सुचवला. मग जॉन्सन अँड जॉन्सनने तो बनवला.

ताडपत्री मात्र याने छान सांधते. आधी जागा पूर्ण कोरडी करून स्पिरिटने पुसा. फाटीच्या चारही बाजूंना ५ सेंमी जास्त पट्टी घ्या, कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी उचलतो), दोन्ही बाजूंनी लावा आणि जोरात घासा. धुळीवर तो धरत नाही: १९७२ मध्ये अपोलो १७ च्या चांद्रगाडीच्या मडगार्डवर लावलेला टेप तिथल्या धुळीमुळेच निघाला. उरलेला चिकटा रॉकेलने जातो.