हाडातला धनेश : चोच दर वेळी का तुटते?

चोचमोड्या, चिपळूण

नमस्कार मंडळी. मी डेंटल टेक्निशियन. डॉक्टर माप पाठवतात, कवळ्या आणि कॅप मी करतो. सतरा वर्षं हेच काम. गेल्या पावसाळ्यात हाताला दुसरं काही हवं म्हणून हाडावर कोरायला लागलो. मायक्रोमोटर (हातात धरायचं छोटं ड्रिल) घरचाच, बर (त्यात बसवायची कोरायची टोकं) घरचेच, पॉलिशची प्युमिस पावडरसुद्धा घरचीच. फक्त हाड बाहेरून आणायचं.

आधी खवले मांजर केलं. ते जमलं, कारण घाबरलेलं खवले मांजर म्हणजे एक गोळा. पाय पोटाखाली, शेपूट अंगाभोवती, मोडायला बाहेर काही उरतच नाही. मग शेकरू केलं, त्याला एका पाहुण्यांनी छान मुंगूस म्हटलं. आता धनेश घेतलाय आणि तिथे अडकलोय. तीन केले, तिघांची चोच तुटली. पहिल्याची बर फिरवताना, दुसऱ्याची बफवर (पॉलिशच्या चाकावर), तिसऱ्याची टेबलावरून उचलताना, नुसत्या बोटांनी.

माझी पद्धत सांगतो, चूक कुठे ते बघा. खाटकाकडून म्हशीच्या पायाची नळी आणतो. दोन्ही टोकं हॅक्सॉने उडवून मगज काढतो. मग जुन्या कुकरात धुण्याचा सोडा टाकून आठ-दहा शिट्ट्या, दोन दिवस कडक ऊन. नंतर नळी उभी चिरून पट्ट्या काढतो, जाडी ७ मिलीमीटरच्या आसपास. पट्टीवर पक्षी उभा बसलेला, बाजूने दिसणारा, चोच समोर.

दुसरा त्रास डागांचा. पॉलिश झाल्यावर हाड दुधासारखं दिसतं, आठवड्याने त्यातून तेलकट पिवळे डाग वर येतात.

तिसरं, मामाच्या माळ्यावर आजोबांच्या काळातलं सांबराचं शिंग आहे. तो म्हणतो घेऊन जा. शिंग हाडापेक्षा चिवट असतं ऐकलंय. आणू का?

जाता जाता, घरचं वातावरण : आईचं म्हणणं, लोकांचे दात करतोस ते कमी होतं काय, म्हणून आता हाडकं घरात आणलीस? तो कुकर परत स्वयंपाकघरात यायचा नाही, या अटीवर मला पडवी मिळाली आहे. हाड घासताना जळक्या केसांसारखा वास येतो. मला तो कामाचा वास वाटतो, तिला मसणाचा.

———

गुरांचा डॉक्टर, निवृत्त

कुकर आधी बंद करा. पायाचं सूप रात्रभर ठेवलं की सकाळी थिजतं ना? ते थिजणारं जे आहे ते हाडातूनच बाहेर आलेलं असतं. हाडात साधारण दोन तृतीयांश खनिज आणि उरलेलं बहुतेक कोलॅजन. खनिजाने हाड कडक होतं, कोलॅजनने चिवट. दहा शिट्ट्यांत तुम्ही कोलॅजनचं जिलेटिन करून मोरीत ओतताय आणि खडूवर नक्षी काढताय. सोड्याने त्यात भरच पडते. शिवाय जोरात उकळल्याने चरबी आणखी आत मुरते, तुमचे पिवळे डाग तेच.

नळी कापून मगज काढल्यावर मंद आचेवर, पाणी उकळू न देता, उरलेलं मांस सुटेपर्यंतच ठेवा. मग भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या कोमट पाण्यात बुडवा आणि पाणी बदलत राहा. दोन आठवडे लागतील, महिनाही लागेल. पाण्यावर तेलाचा तवंग यायचा थांबला की झालं. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांपर्यंत पातळ केलेलं. फरशीचं ब्लीच चुकूनही नको, ते हाड पोखरतं. वाळवणं सावलीत. उन्हात तडे जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि बरखाली कळतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. रानात, माळावर पडलेलं हाड कितीही स्वच्छ पांढरं दिसलं तरी उचलायचं नाही. जनावर कशाने मेलं ते माहीत नसतं. फाशी रोगाने (अँथ्रॅक्सने) मेलं असेल, तर त्या रोगाचे बीजाणू कित्येक दशकं टिकतात आणि घरच्या उकळण्याने मरतीलच असं नाही. तपासून कापलेल्या जनावराचंच हाड घ्या. आणि एन-९५ मास्क. कवळ्या घासताना लावत असालच.

———

जंगलखात्यातला

शिंगाचं उत्तर सरळ आहे : आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सांबर, चितळाची शिंगं येतात, आपोआप गळून पडलेली सुद्धा. घरात जुनी असतील तर नोंद करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. मालकीचा दाखला नसेल तर मामांनाच अडचण आहे, तुम्ही घेतलंत की दोघांना. त्यांना जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन स्वतःहून सांगू दे. लोक विचारतात, गळलेलं मोरपीस चालतं मग शिंग का नाही? मोरपिसाला कायद्यातच सूट दिलेली आहे, शिंगाला नाही. साळिंदराच्या काट्यांचंही तेच.

धनेश निवडलात म्हणून एक सांगावंसं वाटलं. तुमच्या पक्ष्याचा आग्नेय आशियातला एक भाऊबंद आहे. त्याच्या चोचीवरचं शिरस्त्राण भरीव असतं, आपल्याकडच्यांसारखं पोकळ नाही. ते हस्तिदंतासारखं कोरता येतं, आणि त्यापायी त्याची इतकी शिकार झाली की २०१५ साली तो अतिधोक्यातल्या यादीत गेला. तुम्ही म्हशीच्या नळीतून धनेश काढताय, मला तरी हे आवडलं.

———

हुपरीकर

चांदीकाम करतो, हाड कधीमधी. डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच, पण चोच तुटण्याचं मुख्य कारण तुम्ही पद्धत सांगितलीत तिच्या शेवटच्या वाक्यात आहे. पक्षी उभा, चोच समोर. म्हणजे चोच पट्टीला आडवी.

नळीच्या हाडाचे धागे उभे जातात, बांबूसारखे. उभी कामटी धनुष्यासारखी वाकते. बांबूची आडवी चकती कापून त्यातून काडी काढून बघा, हातातच तुकडे. खात्री करायची असेल तर घासलेल्या पट्टीवर शाईचा थेंब टाका आणि पुसा. बारीक उभ्या रेघांत शाई राहते, ते धागे. (हाड आणि हस्तिदंत यातला फरकही इथेच कळतो. हाडात असे ठिपके आणि रेघा, हस्तिदंताच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी.) नियम एकच : चित्रातला सगळ्यात नाजूक भाग धाग्याच्या दिशेने. उडता धनेश करा. मान पुढे, शेपूट मागे, सगळं एका रेषेत.

———

चोचमोड्या

डॉक्टर, सूपाचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मी तेच सांगत होते. ती काय सांगत होती ते मला आठवत नाही.

हुपरीकर, शाईचा थेंब टाकला. लाज वाटली. ॲक्रिलिकला धागा नसतो, कसंही कापा. सतरा वर्षांची सवय नडली. पण उडता नको हो. मी देवरुखच्या बाजूला बेहड्याच्या ढोलीवर बघितलेला मला करायचाय. मादीने आतून फट लिंपून घेतलेली, आणि नर बाहेरून खोडाला धरून तिला फळं देतोय. तासभर बघत होतो. एकेक उंबर गळ्यातून वर आणायचा, चोचीच्या टोकापर्यंत खेळवायचा, मग आत.

———

हुपरीकर

मग अडचण कुठे आहे? खोड पट्टीच्या लांबीने घ्या. पक्षी खोडाला चिकटलेला म्हणजे अंगही उभंच, शेपूट खोडाला टेकलेली. चोच आडवी राहिली तरी तिचं टोक फटीत घाला. दोन्हीकडून धरलेली आडवी काडी तुटत नाही, लोंबती तुटते. लखनौकडचे कारागीर पूर्वी हस्तिदंत कोरायचे, बंदीनंतर म्हशीच्या हाडावर आले. त्यांचं जाळीकाम एकदा हातात घेऊन बघा. मोकळं टोक शोधून सापडत नाही, पान वेलीला, वेल पक्ष्याला, पक्षी चौकटीला टेकलेला. चोच आणि खोड यांच्यामधली जागा अगदी शेवटी भोक पाडून सोनारकरवतीने काढा. तोवर भरीव राहू दे.

———

वेलिंग्टनची टिटवी

उशिरा आले. मी इथे न्यूझीलंडमध्ये संध्याकाळच्या वर्गात हाडकाम शिकले. इथे माओरी लोकांची ही जुनी कला, पूर्वी देवमाशाच्या हाडात, आता दुकानात दिसतं ते बहुतेक गाईबैलांच्या हाडातलं. (त्यावरून इथे वाद नको, मी कुठे राहते ते सांगितलंय.) गळ्यात घालायचा त्यांचा गळ असतो, हेई मटाऊ. वर्गात सगळे तोच करतात. मला तो आपला वाटला नाही, म्हणून मी टिटवी, तांबट असलं काही करत बसते. समोर समुद्र आणि हातात कोकणातली पाखरं.

धनेश काळा-पांढरा आहे ना? मग रंगवू नका, ओरखडा. आधी पूर्ण पॉलिश, १२०० च्या वॉटर पेपरपर्यंत. मग मेणाचा पातळ हात, म्हणजे हाडाची छिद्रं बुजतात. मग सुईने पिसांच्या रेघा, जवळजवळ, पिसाच्या दिशेने. त्यावर काळी शाई चोळून लगेच पुसायची. शाई फक्त रेघांत राहते, पोट आणि चोच हाडाचीच पांढरी. मेण विसरलात तर सगळ्या धनेशाला देवी आल्यासारखं दिसेल. माझा पहिला तांबट तसाच आहे, फेकवत नाही. चोचीला पिवळट छटा हवी तर कडक कोऱ्या चहात बुडवून बघा, पण तुकड्यावर आधी.

———

चोचमोड्या

दीड महिन्याने लिहितोय. नळी तीन आठवडे लिक्विडच्या पाण्यात होती. पहिल्या आठवड्यात पाणी बदलताना हाताला जे लागायचं, ते इथे सांगत नाही. पेरॉक्साइडमध्ये दोन दिवस, सावलीत पंधरा. डाग अजून तरी नाहीत. मायक्रोमोटर पूर्वी मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर फिरवायचो, आता १०,००० च्या आत. हाड तापत नाही आणि वासही निम्म्यावर आला.

चौथा धनेश झाला. चोच फटीत, मधली जागा शेवटी काढली, हुपरीकर म्हणाले तशी. भोक पाडताना श्वास रोखला होता. उंबर मात्र चोचीवर आलेल्या पुळीसारखा दिसतो. टिटवीताई, मेण लावलं, पण सोंडेला, म्हणजे चोचीवरच्या त्या शिंगाला, लावायचं राहिलं. तिथे देवी आल्या आहेत.

परवा पडवीतल्या मांजराने तो टेबलावरून खाली ढकलला. धावत गेलो. खालच्या मुळाचा टवका उडालाय, चोच शाबूत.

मामाला शिंगाचं सविस्तर सांगितलं. त्याने फोन ठेवला. परवा मामीचा आला, ऑफिस कुठे आहे विचारायला.

आईने तो हातात घेतला. आधी पदराने धरला, मग तशीच बघत राहिली. म्हणाली, आत कोण आहे? म्हटलं, मादी. दोन-अडीच महिने आतच असते. थोडा वेळ गेला आणि मग म्हणाली, "तर तिची चोच दिसू दे की फटीतून. हा एकटाच काय खोडाला भरवतोय?"

हुपरीकर, दोन चोची आमनेसामने, मध्ये उंबर. टेकवायचं कशाला?