आधी त्यांचं टेबल वाचू या
नुकतेच गेलेले आमचे सर, त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करावा अशी सूचना आली आहे, ती चांगलीच आहे. पण त्याआधी त्यांचं टेबल आवरायला हवं. आवरायला म्हणजे खरं तर वाचायला.

गुरुवारी दुपारपर्यंत ते आमच्यात होते, रात्री हृदयविकाराचा झटका आला आणि संपलं. सोमवारी मी त्यांच्या खोलीत गेलो, तर एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडंच पडलेलं. समासात त्यांचं ते बारीक, डावीकडे झुकणारं अक्षर. शेवटची नोंद पान ४३ वर: 'हे तुला खरंच पटतं का?' पुढच्या पानांना पेन्सिल लागलेलीच नाही. (मलाही ते वर्षानुवर्षं हेच विचारायचे आणि मी दर वेळी चिडायचो.)

भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर १९१३ साली गेले, तेव्हा त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानांचं पुस्तक झालेलं नव्हतं. शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून १९१६ मध्ये ते छापलं. दोघांनी ती व्याख्यानं स्वतः ऐकलीही नव्हती! त्यांच्या संपादनावर पुढे बरीच टीका झाली, ती रास्तही असेल. पण वह्या जमवायचे कष्ट त्यांनी घेतले.

तेव्हा सरांच्या तासांच्या वह्या, पत्रं, ध्वनिमुद्रणं ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया टाकून देऊ नका. फोटो काढून मला पाठवलेत तरी चालेल. तिसऱ्या प्रकरणाचं मी बघतो, पान ४४ पासून.