टीव्ही चालू होत नाही: लाल दिवा लागतो, बटण दाबलं की ‘टक्’ होऊन परत बंद

प्रश्न

३२ इंची एलईडी टीव्ही आहे. प्लग लावला की लाल दिवा लागतो. बटण दाबलं की दिवा तीन-चार वेळा लुकलुकतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि दोनेक सेकंदांत परत नुसता लाल. चित्र नाही, आवाज नाही. रिमोटचे सेल बदलले, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला, एचडीएमआय-यूएसबीच्या केबल काढून पाहिल्या. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं. सप्लाय बोर्ड सरळ बदलून टाकू का?

उत्तर १

इतक्यात बोर्ड मागवू नका. लाल दिवा लागतोय म्हणजे फ्यूज शाबूत आहे आणि स्टँडबायचा (टीव्ही बंद असतानाही चालू राहणारा) पुरवठा मेन बोर्डपर्यंत, म्हणजे टीव्हीच्या प्रोसेसरच्या बोर्डपर्यंत, पोचतोय. बटणाला टीव्ही दाद देतोय, तेव्हा रिमोटचाही दोष नाही. बिघाड त्याच्या पुढे आहे: १२ व्होल्टची मुख्य लाइन, बॅकलाइट (स्क्रीनमागचे एलईडी), नाहीतर मेन बोर्ड.

झाकण उघडण्याआधी प्लग काढून टीव्हीवरचंच पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा. प्रोसेसर नुसता अडकला असेल तर एवढ्यावर भागतं. मग खोलीत अंधार करा, टॉर्च स्क्रीनला टेकवून तिरपी धरा आणि टीव्ही चालू करा. त्या दोन सेकंदांत लोगो पुसटसा जरी दिसला, तरी दोष बॅकलाइटचा. पट्टीतले एलईडी सहसा सिरीजमध्ये असतात. एक गेला की सगळी माळ विझते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्यांना वीज देणारा ड्रायव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन अख्खा टीव्हीच बंद पडतो.

उत्तर २

टॉर्चने काही दिसलं नाही तर झाकण उघडा, पण आधी एक गोष्ट. सप्लाय बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. २३० व्होल्टच्या मेन्सवर त्यात ३२० च्या आसपास डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून त्याच्या दोन पायांवर दहा सेकंद टेकवा, मग मीटरने ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीत बोर्डची ट्रॅक उडते.

आता मीटरची काळी प्रोब ट्यूनरच्या (अँटेनाची केबल लागते त्या डबीच्या) पत्र्यावर ठेवा. मोठ्या कपॅसिटरकडची ‘हॉट’, म्हणजे थेट मेन्सला जोडलेली, बाजू वेगळी असते, तिचा ग्राउंड घेतलात तर रीडिंग खोटं येईल. प्लग लावा आणि सप्लाय बोर्ड आणि मेन बोर्ड यांच्यामधल्या कनेक्टरवर, जिथे व्होल्टेज छापलेले असतात तिथे, स्टँडबायचे ५ आणि मुख्य १२ व्होल्ट बघा. बटण दाबताना नजर १२ वर ठेवा.

प्रश्नकर्ता

स्टँडबाय ५.१, अगदी स्थिर. १२ ची लाइन ७-८ पर्यंत चढते आणि कोसळते. तिच्यावरचा १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक कपॅसिटर डोक्यावर किंचित फुगलाय. शेजारचा तसाच दुसरा सपाट आहे. टॉर्चने काही दिसत नाही.

उत्तर २

मग संशयाची सुई त्या कपॅसिटरवरच. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकलं की ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, वाढतो. लोड पडला की व्होल्टेज धरवत नाही आणि मेन बोर्ड माघार घेतो. दोन्ही बदला, सपाट दिसतोय म्हणून दुसरा ठेवू नका. तो शेजारी तेवढाच तापलाय. १०५ अंशांचे, लो-ईएसआर, तेच मायक्रोफॅरड. व्होल्टेज २५ किंवा ३५, १६ नको. उंची आधी मोजा, झाकण बसलं पाहिजे. काढण्यापूर्वी फोटो घ्या: कपॅसिटरवरची फिकट पट्टी म्हणजे ऋण बाजू, पण बोर्डवर रंगवलेला अर्धा भाग सगळेच उत्पादक ऋण बाजूला देत नाहीत. उलटा बसला तर फुटतो.

उत्तर ३

बदलूनही १२ कोसळतच राहिले, तर दोष पुरवठ्याचा की लोडचा, हे वेगळं करा. प्लग काढून मेन बोर्डचा कनेक्टर सोडवा. सप्लाय बोर्डवर ‘पीएस-ऑन’ (मुख्य पुरवठा चालू करण्याचा सिग्नल) छापलेल्या पिनला ५ व्होल्टच्या स्टँडबायवरून १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि पुन्हा प्लग लावा. काही बोर्डांत हा सिग्नल उलटा असतो, काहींत नसतोच आणि १२ व्होल्ट कायम असतात. म्हणून छपाई नीट वाचा. आता १२ स्थिर राहिले तर सप्लाय ठीक आहे, शॉर्ट मेन बोर्डवर किंवा पॅनेलकडे आहे. प्लग काढून कनेक्टर परत बसवा, पॅनेलकडे चित्राचा सिग्नल नेणारी एलव्हीडीएस केबल काढा आणि टीव्ही पुन्हा चालू करा: आता टिकून चालू राहिला तर टी-कॉन (पॅनेलला सिग्नल देणारा बोर्ड) किंवा पॅनेल, तसाच बंद पडला तर मेन बोर्ड.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा जुना, तारेचा (फिलामेंटचा) बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला ठेवा. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत पेटलेलाच राहिला तर लगेच प्लग काढा. प्रायमरीवर, म्हणजे ‘हॉट’ बाजूला, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा मॉस्फेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे.