मदत हवी आहे: दाण्याचा अहवाल हातात आहे, पण मशीनवर नेमकं काय बदलू?

नमस्कार. आमच्याकडे वापरलेले पीपीचे (पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकचे) डबे, बादल्या, झाकणं येतात. निवडणं, दळणं, धुणं, वाळवणं आणि एक्स्ट्रूडरमधून (माल वितळवून स्क्रूने पुढे ढकलणारं मशीन) दाणा काढणं, एवढं आमचं काम. दाणा इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांकडे जातो. बऱ्याच दिवसांपासून तक्रार एकच आहे. एक लॉट नीट चालतो, पुढच्या लॉटला साच्याच्या कडेने फ्लॅश (फटीतून निसटलेला जादा माल) येतो आणि वस्तू तडकते. एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे पातळ) २३० अंश आणि २.१६ किलो वजनावर कधी १२ येतो, कधी २०.

म्हणून पॉलिमरवर काम करणाऱ्या एका संशोधन गटाकडे गेलो. माणसं मनापासून मदत करणारी होती. मी एका गोणीतून किलोभर दाणा काढून दिला आणि म्हटलं, यात काय गडबड आहे ते बघा. दीड महिन्याने अहवाल आला. डीएससीत (माल तापवून तो किती अंशांना वितळतो ते दाखवणारी चाचणी) १६३ अंशांना मोठं शिखर, १२० च्या आसपास एक छोटं शिखर, एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशाची चाचणी) कार्बोनिलचा, म्हणजे ऑक्सिडेशनच्या खुणेचा, हलका पट्टा, आणि खाली शेरा: ऑक्सिडेशन व पॉलिइथिलिनची भेसळ संभवते. हे चूक असेल असं मला वाटत नाही. पण मला ठरवायचं होतं ते वेगळंच. तापमान उतरवू, वितळलेला माल गाळणारी जाळी लवकर बदलू, निवडीवर माणसं वाढवू, की ॲन्टिऑक्सिडंटवर खर्च करू?

शोधनिबंधही वाचले. मी वाचलेल्या बहुतेकांत कोरा दाणा घेऊन तोच पाच-सहा वेळा मशीनमधून काढलेला असतो. दर फेरीला पीपीच्या साखळ्या तुटतात आणि माल पातळ होत जातो, हे त्यातून स्वच्छ कळतं. माझ्या हॉपरमध्ये मात्र उन्हात वर्षानुवर्षं पडलेली बादली, फिलर (खनिजाची पूड) भरलेला डबा आणि अगदी नवं झाकण एकत्र पडतात.

दुसरी खंत अशी की आमच्या ऑपरेटरला जे कळतं ते कुणी लिहूनच ठेवत नाही. जाळी चोंदत आली की दाब चढतो, मशीनमधून निघणाऱ्या मालाच्या तारेचा रंग बदलतो, वासही बदलतो. "आज माल पातळ चाललाय" हे तो एमएफआय यायच्या आधी सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. हे संशोधकांपर्यंत पोचवायचं कसं?

तर ज्यांनी दोन्हीकडे काम केलंय त्यांनी सांगा: नमुना कसा द्यावा, सोबत काय माहिती द्यावी आणि प्रश्न कसा विचारावा?

प्रतिसाद १

मी प्रयोगशाळेच्या बाजूचा. आधी त्या छोट्या शिखराबद्दल, कारण त्यावरून घाईने निर्णय घ्याल ही भीती वाटते. बादल्या आणि मजबूत डबे बऱ्याचदा इम्पॅक्ट कोपॉलिमर पीपीचे (आपटल्यावर सहज फुटू नये म्हणून बनवलेल्या पीपीचे) असतात. त्यात मुळातच इथिलिनचा भाग असतो आणि तो डीएससीत ११५-१२० च्या आसपास छोटं शिखर देऊ शकतो. एचडीची (एचडीपीई, पॉलिइथिलिनचा एक प्रकार) भेसळ असेल तर शिखर साधारण १२५ ते १३० च्या पट्ट्यात दिसतं. मालात बादल्या आहेत हे त्या गटाला माहीत असतं तर शेरा कदाचित वेगळा आला असता. त्यांना फक्त पांढरट दाणा दिसला.

नमुन्याचंही तसंच. डीएससीच्या भांड्यात ५ ते १० मिलिग्रॅम माल बसतो. म्हणजे जेमतेम एका दाण्याच्या तुकड्यावर अख्ख्या लॉटचा निकाल. एका गोणीच्या तोंडचा दाणा देऊ नका. लॉट चालू असताना दर अर्ध्या तासाने थोडा दाणा काढा, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, वेळ लिहा. सगळं आधीच एकत्र केलंत तर चढउतारच पुसला जातो, आणि तुमचा प्रश्न तर चढउताराचाच आहे.

प्रतिसाद २

आमच्याकडे हाच त्रास होता. आम्हाला उपयोगी पडलेली गोष्ट साधी आहे: एमएफआय दोन ठिकाणी काढा, मशीनमध्ये जाणाऱ्या वाळलेल्या फ्लेक्सचा (दळलेल्या तुकड्यांचा) आणि बाहेर पडणाऱ्या दाण्याचा. फ्लेक्समध्येच १२ ते २० असा फरक असेल तर मशीनला दोष देऊन उपयोग नाही, निवड आणि मिश्रण बघा. फ्लेक्स १२ च्या आसपास स्थिर आणि दाणा २० असेल तर माल बॅरलमध्ये तुटतोय. मग तापमान, स्क्रूचा वेग, जाळी किती वेळ चालते आणि मशीन थांबल्यावर आत माल किती वेळ शिजत राहतो, हे बघा. ॲन्टिऑक्सिडंटचा विचार तेव्हाच करा. तो पुढची झीज कमी करतो, आधीच तुटलेल्या साखळ्या जोडत नाही.

फ्लेक्सच्या चाचणीत हवा अडकून आकडे हलतात, म्हणून दाबून भरा आणि निदान तीनदा काढा. आणि पाण्याच्या टाकीवर भरवसा ठेवू नका. पीपी आणि एचडी दोन्ही तरंगतात, ती टाकी त्यांना वेगळं करणार नाही.

प्रतिसाद १

वरची चाचणी घेऊन गेलात तर कुठलाही संशोधक आनंदाने बसेल, कारण मग प्रश्न आखीव होतो. "यात काय गडबड आहे" ऐवजी "झीज यंत्रात होते की माल येतानाच झिजलेला असतो" असं विचारा. नमुन्यासोबत एक पान द्या: माल कशाचा, अंदाजे प्रमाण, धुताना काय वापरलं, बॅरलच्या प्रत्येक झोनचं तापमान, जाळी कधी बदलली, दाब किती होता. गिऱ्हाईक आणि भाव लिहायची गरज नाही. आकडे निबंधात छापायचे की नाहीत हे कामाआधीच लेखी ठरवा. यावरून चांगले संबंध तुटताना मी पाहिलेत.

ऑपरेटरबद्दलही सांगतो. शक्य असेल तर त्या गटातल्या विद्यार्थ्याला अख्खी पाळी मशीनजवळ बसवा. ऑपरेटर "पातळ" म्हणेल तेव्हा वेळ लिहायची आणि त्याच क्षणी नमुना घ्यायचा. त्याचा अंदाज आकड्यांशी कुठे जुळतो आणि कुठे नाही, हा विषय खरोखर अभ्यासण्यासारखा आहे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. छोट्या शिखराचं वाचून थांबलो, कारण एचडी निवडायला दोन माणसं वाढवायचं जवळजवळ ठरलं होतं. पुढच्या तीन लॉटला फ्लेक्स आणि दाणा दोन्हीचे नमुने वेळेसह ठेवतो. ऑपरेटरशी बोललो. वही तोच लिहिणार म्हणाला.

एक अडचण उरते. दाबाचा काटा आमच्याकडे फक्त जाळीच्या आधी आहे, नंतर नाही. तेवढ्यावर जाळीचा परिणाम पकडता येईल, की दुसरा काटा बसवूनच सुरुवात करू?

प्रतिसाद २

आहे त्यावर सुरू करा. स्क्रूचा वेग, तापमान आणि माल बदलला नाहीत तर आधीचा दाब जसा चढेल तशी जाळी चोंदतेय असं धरता येतं. नवी जाळी लावल्या लावल्या एक नमुना आणि बदलण्याच्या अगदी आधी एक, एवढे दोन तरी चुकवू नका.