मे महिन्यातलं बेसबॉल शिबिर: ग्लोव्ह अकरा, मुलं चाळीस

कातळावरचा

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका सीनियर कॉलेजात मी जिमखाना सांभाळतो. मालवणहून एसटीने पाऊण तास. मुंबई विद्यापीठाच्या पार शेपटाला आमचं कॉलेज, त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन बेसबॉलला जायचं म्हणजे रात्रभर गाडी, सकाळी उतरून तोंड धुवायचं आणि तसंच मैदानात. पहिल्या फेरीत हरलो की संध्याकाळची गाडी धरून परत. बहुतेक वेळा परतच.

मागच्या मे महिन्यात म्हटलं, कॉलेजात आलेल्या पोराला ग्लोव्ह कुठल्या हातात घालतात इथपासून शिकवण्यापेक्षा शाळेतलीच मुलं पकडावीत. दहा दिवसांचं शिबिर घेतलं, फुकट. बावीस मुलं आली. यंदा आताच चाळीस नावं झालीत, त्यात नऊ मुली. वय दहा ते सोळा.

सामानाचं सांगतो. ग्लोव्ह अकरा, त्यातला डावखुऱ्याचा एकच. कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याचा, मिट (जाड ग्लोव्ह) एक, त्याची वादी तुटली होती ती गावातल्या एका रापणवाल्याने (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याने) नायलॉनच्या दोऱ्याने अशी शिवून दिली की नवीनपेक्षा बरी. बॅटी चार. बॉल तीसेक, पण आमचं मैदान म्हणजे जांभा कातळ, वर दोन इंच लाल माती. कातड्याचा बॉल दोन दिवसांत सोलवटतो. बेसबॉलला टाके १०८, जपमाळेच्या मण्यांएवढे. आमच्याकडच्या बॉलांचे निम्मे कातळानेच जपून संपवलेत. बॅटिंग टी, म्हणजे मारायचा बॉल ज्यावर ठेवतात तो खांब, विकत घेतलेला नाही. आंब्याची लाकडी पेटी, त्यात उभा पीव्हीसी पाइप आणि पाइपच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. झकास चालतो. मागे जाळी म्हणून रापणीचं जुनं जाळं टांगलंय, ऊन तापलं की त्याला बांगड्याचा वास सुटतो.

आता प्रश्न. एक, फी ठेवावी का? मागच्या वर्षी फुकट होतं, तर आठव्या दिवशी अर्धी मुलं गायब. कोण आंबे उतरवायला, कोण मामाकडे. दोन, चाळीस मुलांना अकरा ग्लोव्हांत कसं बसवू? आणि तीन, एका पालकांनी विचारलं, ‘सर, यातून सिलेक्शन होईल ना? अमेरिकेत कॉलेजचे कोच कॅम्पातूनच पोरं उचलतात म्हणे.’ मी गप्प बसलो. तिकडे खरंच कसं चालतं, कुणी बघितलंय का?

रॅलेकर

मी मूळचा रत्नागिरीचा, चौदा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात आहे. मुलगा हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळतो, त्यामुळे असले कॅम्प मी खिसा हलका करून बघितलेत. तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

मुलगा नववीत असताना एका कॉलेजच्या हेड कोचच्या नावाने मेल आली. वर मुलाचं नाव, आत ‘आमच्या कॅम्पसाठी तुला खास आमंत्रण’. बायकोने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. तीनशे डॉलरच्या आसपास भरून गेलो तर तिथे नव्वद पोरं आणि नव्वदांकडे तेच खास आमंत्रण! नंतर नियम वाचले. एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची शिखर संस्था, तिच्या नियमानुसार कॉलेजचा कॅम्प येईल त्या प्रत्येकाला खुला ठेवावा लागतो. मर्यादा घालायची तर संख्येची, वयाची, इयत्तेची किंवा मुलगा-मुलगी एवढीच. मग आमंत्रण कसलं खास?

पुढची गंमत अशी की डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या, बेसबॉल कोचला मुलगा अकरावीत जाण्याच्या वर्षीच्या १ ऑगस्टपूर्वी भरतीबद्दल बोलताच येत नाही, स्वतःच्या कॅम्पातसुद्धा. म्हणजे माझा नववीतला मुलगा तिथे कितीही चमकला असता तरी कोच ‘छान खेळलास’च्या पुढे जाऊ शकत नव्हता.

मग कोच कॅम्प घेतात कशाला? थोडं मुलं बघायला आणि बरंचसं पैशाला. पुष्कळ ठिकाणी कॅम्प हा हेड कोचचा स्वतःचा धंदा असतो, मैदान तेवढं कॉलेजचं. डिव्हिजन वनमध्ये २०२३पर्यंत एक ‘व्हॉलंटियर’ कोच असायचा. त्याला कॉलेजचा पगार नाही, त्याचं पोट बहुतेक या कॅम्पांच्या फीवरच. २०२३च्या जुलैपासून ते पद गेलं आणि त्या जागी पगारी कोच ठेवता येऊ लागला. मला त्या माणसांचा राग येत नाही. आमच्या मुलाला दुसऱ्या बेसवर पाय कसा टाकायचा हे तसल्याच एकाने अर्धा तास उन्हात उभं राहून शिकवलं, हेड कोच तेव्हा लांब गाडीच्या सावलीत होता.

आणि शिष्यवृत्तीचं म्हणाल तर २०२४-२५पर्यंत डिव्हिजन वनच्या अख्ख्या बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या. हो, दशांश सात. त्याचे तुकडे करून पंचवीस-सत्तावीस जणांत वाटायचे. आता नवी पद्धत आलीय, ज्या कॉलेजांनी ती घेतली त्यांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही पण संघ ३४ जणांचा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. तुमच्या त्या पालकांना एवढं वाचून दाखवा.

पण कॅम्प चालवतात मात्र घड्याळ लावून, हे उचलण्यासारखं आहे. मुलांचे गट पाडतात, प्रत्येक गट एका कामावर वीस मिनिटं, भोंगा वाजला की पुढच्या कामावर. कुणीही रांगेत उभं नसतं. पहिल्या सकाळी मोजमाप: ६० यार्ड पळायला किती सेकंद, बॅटवरून बॉल किती वेगाने सुटतो, कॅचरच्या मिटमध्ये बॉल पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत किती वेळ. याला पॉप टाइम म्हणतात, दोन सेकंदांत बसला तर कोच मान वर करून बघतो.

घाटावरचा_डावखुरा

विद्यापीठाकडून दोन वर्षं पिचिंग, म्हणजे बॅटरला बॉल टाकायचं काम, केलंय. आता साखर कारखान्यात नोकरी, पण रविवारी पोरांना घेऊन असतो.

सर, ग्लोव्हचं टेन्शन घेऊच नका. प्रत्येक मुलाला घरून जुनी हवाई चप्पल आणायला सांगा. चपलेचे पट्टे काढायचे, तळव्यावर सपाट बाजू येईल अशी रबराने हाताला बांधायची. चपलेत बॉल राहत नाही, त्यामुळे पोराला दुसरा हात आपोआप वर आणावा लागतो. परदेशात यासाठी सपाट फळीसारखे ग्लोव्ह विकत मिळतात. आपली पोरं क्रिकेटची, बॉल आला की दोन्ही हातांची ओंजळ करून मागे जातात. ती सवय इथे चपलेने कामाला येते. जमिनीवरचे बॉल चपलेवर, वरचे झेल ग्लोव्हवर, गट फिरते ठेवा. अकरा पुरतात.

डावखुऱ्यांना उजव्यांचा ग्लोव्ह उलटा घालून उभं करू नका, हात जोडून विनंती. मी तीन वर्षं तसा खेळलो.

कातळावर स्लाइड, म्हणजे बेसकडे जमिनीवरून घसरत जाणं, शिकवायच्या भानगडीत पडू नका. गुडघ्याचं साल जाईल आणि पोरगं आयुष्यात परत स्लाइड करणार नाही.

आणि एक विचारायचं होतं. बॉल फेकण्याचा हिशोब ठेवता का? मेजर लीग (अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी २०१४ला पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक कोष्टकं काढलीत. ९ ते १० वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ७५ पिच (बॅटरला टाकलेले बॉल), ११-१२ला ८५, १३ ते १६ला ९५. हा शेवटचा आकडा, रोजचा नव्हे. चौदापर्यंतच्या मुलाने २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकू शकतो. २१ ते ३५ झाले तर एक दिवस सुट्टी, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, त्यावर चार दिवस. आपल्याकडे काय होतं, एक पोरगं जोरात फेकतं म्हणून तेच सकाळी फेकतं, तेच संध्याकाळी, आणि घरी जाऊन टेनिस बॉलच्या मॅचमध्ये पण तेच. भारतातून पहिल्यांदा अमेरिकन क्लबने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेकीतून आले होते, २००८ला पिट्सबर्ग पायरेट्सने घेतले. फेकणारे हात आपल्याकडे आहेत हो. टिकवत नाही आपण.

दापोलीची_आई

खेळातलं मला कळत नाही, पण लेक सॉफ्टबॉल खेळते म्हणून दोन शिबिरं बघितलीत. फी ठेवाच. थोडी, पण ठेवा. फुकट असलं की घरात ‘आज नको जाऊस, वाल सोलायला बस’ म्हणतात. दीडशे रुपये भरले की आजीच सकाळी उठवते. आणि ते पैसे मुलांच्या पोटात गेलेले आईबापांना दिसू देत.

नऊ मुली येणार म्हणता तर कॉलेजमधल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली सकाळी साडेसहाला कुणाकडे असते ते आधी बघा. आमच्याकडे शिपाई साडेनऊला यायचा. तिसऱ्या दिवशी चार मुली कमी झाल्या आणि सर म्हणत राहिले की मुलींना आवड नसते.

कातळावरचा

सगळ्यांचे आभार. दापोलीच्या ताई, तुम्ही विचारल्यावर बघितलं. किल्ली खरोखरच शिपायाकडे असते आणि तो येतो दहाला. आता एक चावी माझ्या किचेनला आहे.

डावखुरे भाऊ, तुमचा हिशोबाचा प्रश्न मला लागला. कारण नाही, मी हिशोब ठेवत नव्हतो. मागच्या वर्षी तेरा वर्षांचा एक मुलगा होता, खलाशाचा पोर, जाळं ओढून खांदे असे झालेले की चौथ्या दिवशी कॉलेजच्या पोरांना त्याचा बॉल दिसेना. मला तर हर्षच झाला. आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी तोच पिचर. शेवटच्या मॅचला त्याने किती फेकले मला विचाराल तर सांगता येणार नाही, स्कोअरबुकात धावा लिहिल्यात, पिच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरायला आला आणि पोतं उचलायला डावा हात पुढे केला. म्हटलं, काय रे? ‘सर, हात वर जाणा नाय.’ महिनाभर त्याला जेवताना कोपर दुखत होतं, हे त्याच्या आईने मला बाजारात सांगितलं. भांडली नाही. नुसतं सांगितलं. ते मी इथे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही.

शिबिर झालं की कळवतो.

कातळावरचा

झालं. चाळीसांतले सदतीस शेवटपर्यंत टिकले. फी दीडशे, त्यात रोज दोन केळी, एक उकडलेलं अंडं आणि कोकम सरबत. पाच गट, वीस मिनिटांना एक शिट्टी. चपलांचा प्रयोग जबरदस्त. पहिल्या दिवशी मुलं हसली, तिसऱ्या दिवशी ग्लोव्ह रिकामे पडलेले आणि चपला हाताला. फक्त घरी जाताना कुणाची कुठली चप्पल यावरून भांडणं.

स्लाइड शिकवली, पण किनाऱ्यावर. आमच्याकडे तिथीवरून भरती-सुकती (ओहोटी) काढतात. शिबिराच्या दिवसांत पौर्णिमा येत होती, पुढच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी सातच्या आसपास सुकती. ओली घट्ट रेती, बेसच्या जागी गोणपाट. सुकती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे तीनच सकाळी मिळाल्या, नंतर ऊन चढायला लागलं. मुलींनी मुलांपेक्षा आधी उडी टाकली. एक आजोबा जाळं सुकत घालताना बघत होते, म्हणाले, ‘मास्तर, ह्यांका पडाक शिकवतास काय?’

त्या सिलेक्शनवाल्या पालकांना रॅलेकरांचं सगळं वाचून दाखवलं. ११.७ ऐकून ते हसले, मग विचारलं, ‘बरं, पण दहावीला ग्रेस मार्क तरी?’ म्हटलं, आधी जिल्ह्याच्या संघात येऊ दे.

तो खलाशाचा मुलगा यंदाही आला. मी त्याला बोलवायला घरी गेलो होतो, आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, त्याला विचारा. पिचिंग आठवड्यातून दोनदाच, आणि पिच मोजायचं काम मी त्याच्याकडेच दिलं. कागद-पेन्सिल त्याला पटेना. त्याने काजूच्या बिया आणल्या. पिचर मैदानात उतरला की याच्या उजव्या खिशात पस्तीस बिया, एक बॉल गेला की एक बी डाव्या खिशात. सगळ्यांना तोच कायदा, स्वतःलाही. तो टाकत असला की खिसा लहान बहिणीचा.

शेवटच्या मॅचला सहावी इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, दोन बाद, बॅटरवर तीन बॉल दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक स्ट्राइक पडला की तो बाद, एक बॉल वाईट गेला की वॉक, फुकट पहिला बेस. माउंडवर, पिचरच्या जागी, बारा वर्षांची मुलगी, छान फेकत होती. तेवढ्यात हा कडेला उभा राहिला. ‘सर, बी संपली.’ मी म्हटलं, अरे, हा एक बॅटर होऊ दे, एकच बॉल. त्याने काही म्हटलं नाही. उजवा खिसा बाहेर ओढून उलटा करून दाखवला.

पिचर बदलला. पुढच्या बॉलला वॉक, त्याच्या पुढच्याला हिट, मॅच गेली.